तोटीखाली तांब्या ठेवा आणि झोपा

गेल्या अंकात सदराच्या शेवटी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की उन्हाळा तोंडावर आलाय तर घरातल्या बाथरूममध्ये पाणी किती जातं ते एकदा मोजा आणि काय अडचण असेल ती लिहून पाठवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत पाण्याची तक्रार कमी आणि घरातल्या माणसांचीच जास्त, कुणाची सून तासभर आत असते, कुणाचे सासरे नळ सोडून दाढी करतात, कुणाचं पोरगं शॉवरखाली मैफल लावतं. सांगलीत नळ-पाइपाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरला बसून माझं एक मत झालंय ते आधीच सांगून टाकते, आंघोळीवरनं भांडणं होतात पण पाणी जातं ते भलतीकडनंच, त्यामुळं आज आंघोळीपेक्षा पाइप, टाकी आणि वायसर यावरच जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तर पान उलटा.

प्रश्न : आमचं विश्रामबागला दुमजली घर आहे, सोलर गच्चीवर आणि मोठं बाथरूम तळमजल्याला. सकाळी गरम पाणी यायच्या आधी गारच येत राहतं. तुम्ही सांगितलं म्हणून मोजलं तर १४ लिटर सोडावं लागतं. घरात आम्ही पाच जण. मिस्टर म्हणतात सोलरनं लाइट वाचते ना, मग पाण्याचं काय घेऊन बसलीस. काही उपाय आहे का?
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही मोजलंत हेच मला लई आवडलं, नाहीतर दुकानात येणारा प्रत्येक जण नुसतं "लई पाणी जातंय ओ" एवढंच सांगतो. आता हे १४ लिटर येतात कुठनं ते बघू. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्मं. गच्चीवरनं वळणं घेत घेत पाइप तळमजल्याला आली की २५ मीटर सहज होते, म्हणजे ६ लिटरच्या आसपास पाणी रात्रभर पाइपातच गार होऊन बसलेलं असतं आणि ते बाहेर आल्याशिवाय मागचं गरम पुढं सरकणार नाही, त्याला इलाज नाही. पण मग राहिलेले ८ लिटर? गोम तिथंच आहे.

एक तर गरम पाणी येताना पाइपाची गार भिंत तापवत तापवत येतं, त्यामुळं सुरुवातीचं पाणी धड गार नाही धड गरम नाही असं येतं आणि आपण तेही सोडून देतो. दुसरं म्हणजे बरीच माणसं तोटी बारीक सोडून धारेखाली हात धरून उभी राहतात, वाटतं की पाणी वाचतंय, पण होतं उलटंच, बारीक धारेत गरम पाणी वाटेतच निवतं आणि जास्त सोडावं लागतं. तोटी पूर्ण सोडा, खाली बादली ठेवा, हाताला चटका लागला की बंद. करून बघा, दोन-तीन लिटरचा फरक त्यातच पडेल.

तिसरं कारण सहसा कुणी सांगत नाही. तुमच्यात गार पाण्याच्या लाइनीला प्रेशर पंप आहे का? असला, आणि मिक्सरचे, म्हणजे गरम-गार एकत्र करणाऱ्या नळाचे, दोन्ही कॉक उघडे ठेवून नुसता पुढचा हँडशॉवर बंद करायची सवय घरात कुणाला असली, तर जोराचं गार पाणी मिक्सरच्या आतनं उलटं गरमच्या पाइपात घुसतं, कारण त्या लाइनीला नुसता टाकीचा दाब असतो. मग एकाची आंघोळ झाल्यावर दुसऱ्याला परत पहिल्यापासनं गार पाणी. तसं होत असेल तर गरमच्या लाइनीला एनआरव्ही बसवून घ्या, म्हणजे पाणी एकाच दिशेला जाऊ देणारा व्हॉल्व्ह, लहानसा असतो, प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम. आणि कॉक दोन्ही बंद करायची सवय लावा, ती फुकट आहे.

बाकी साधं आहे. पाचही जणांनी एकामागनं एक आंघोळी उरकल्या तर गार पाणी एकदाच सोडावं लागतं, एक जण सहाला, दुसरा साडेसातला आणि तिसरा पेपर वाचून झाल्यावर नवाला असं केलं की पाइप तीनदा निवते. पाइपाला काळ्या फोमची नळी घालतात ती घाला, पण तिच्याकडनं फार आशा ठेवू नका, मधल्या अर्ध्या-पाऊण तासाला ती उपयोगाची, रात्रभरात पाणी गार व्हायचं ते होतंच. आणि एक कप विसळायला किंवा तोंड धुवायला म्हणून गच्चीवरनं गरम पाणी बोलावू नका, तुम्ही दहा सेकंद नळ सोडता, गरम काही येत नाही, पण सोलरमधलं गरम पाणी पाइपात उतरतं आणि तिथंच निवतं. पाणीही गेलं आणि ऊनही गेलं. हे मिस्टरांना मुद्दाम वाचून दाखवा.

जे गार पाणी निघेलच ते बादलीत धरा, ते काय घाण पाणी नव्हे, पिण्याच्याच टाकीतलं आहे. फरशी, कपडे, कमोड, कशालाही चालतं. माझ्या माहेरी तांब्याचा बंब होता, वरनं गार पाण्याचा तांब्या ओतायचा की तेवढंच गरम तोंडातनं खाली बादलीत पडायचं, एक थेंब इकडं नाही की तिकडं नाही. धूर सोडला तर त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. आता तो बंब घासूनपुसून हॉलमध्ये शोभेला ठेवलाय आणि त्यात मोरपिसं आहेत.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. शॉवरला गेला की २५ मिनिटं बाहेर येत नाही. ओरडून घसा बसला. किती पाणी जात असेल?
— एक वडील, कराड

उत्तर : भाऊ, अंदाज कशाला बांधायचा, मोजा की. शॉवरखाली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. ७५ सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर, म्हणजे २५ मिनिटांचे ३०० लिटर, वीस बादल्या. जुना मोठा पसरट शॉवर असेल तर ह्याहून जास्तच भरेल. हा आकडा तुम्ही सांगू नका, बादली आणि मोबाइल त्याच्याच हातात द्या, बारावीचा पोरगा आहे, गुणाकार येतोच. आमच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं तर लेकाला एका रविवारी खालच्या टाकीतनं चार बादल्या दुसऱ्या मजल्यावर न्यायला लावल्या, बाकीच्या सोळा माफ केल्या.

ओरडणं बंद करा आणि शॉवरच्या मागं पाइपात बसणारी भोकाची चकती मिळते ती टाकून घ्या, धार तीच वाटते आणि पाणी कमी येतं. साबण लावताना बंद करायचा एवढं एकच त्याच्याकडनं कबूल करून घ्या. कावळ्याची आंघोळ कर म्हणालात तर तुमच्यापुरती करेल आणि परीक्षा संपली की परत सुरू.

प्रश्न : फ्लशच्या टाकीत वीट टाकली की पाणी वाचतं असं ऐकलं, म्हणून सहा महिन्यांपूर्वी टाकली. आता टाकीत सारखा बारीक आवाज येतो. काही संबंध आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, गोडोली, सातारा

उत्तर : सर, संबंध आहे आणि चांगलाच आहे. वीट पाण्यात राहून झिजते, तिची रेव सुटते, ती रेव तळातल्या रबरी सीलखाली जाऊन बसते, सील नीट बसत नाही आणि टाकीतलं पाणी कमोडमध्ये झिरपत राहतं. टाकी खाली होते म्हणून बॉलकॉक परत भरतो, तोच तुम्हाला ऐकू येणारा बारीक आवाज. एका फ्लशला लिटरभर वाचवायला गेलात आणि चोवीस तास गळती लावून घेतलीत. आज पहिलं काम म्हणजे वीट बाहेर काढा, टाकी फडक्यानं पुसून घ्या, सील खरखरीत झालं असेल तर बदला. फार महाग वस्तू नाही ती.

गळती आहे की नाही हे बघायची सोपी युक्ती सांगते, जिलेबीत घालतात तो खायचा रंग चमचाभर टाकीत टाका आणि वीस मिनिटं कुणी फ्लश दाबायचा नाही. कमोडमधल्या पाण्याला रंग आला की समजायचं सील गेलं. रंग आला नाही पण आवाज येतोय, तर मग टाकीतल्या उभ्या नळीत बघा, पाणी वर चढून त्या नळीतनं उतरत असेल. तसं असेल तर बॉल थोडा खाली घ्या, पाण्याची पातळी नळीच्या तोंडाच्या इंचभर खाली राहिली पाहिजे.

हे मी एवढ्या ठसक्यात सांगतेय खरं, पण आमच्यातच दिव्याखाली अंधार होता. घरी ५०० लिटरची टाकी, मोटर रोज सकाळी एकदा लावली की झालं. एका उन्हाळ्यात ती संध्याकाळी पण लावायला लागली, मी म्हटलं पाहुणे आहेत, पाहुणे गेले तरी मोटर दोनदाच, मी म्हटलं उन्हाळाच आहे, कूलरला पाणी लागतं. पाऊस सुरू झाला तरी दोनदाच. मग एक दिवस दुपारी घरात सगळं शांत असताना कमोडमध्ये वाकून बघितलं तर मागच्या बाजूला भांड्याच्या चकाकीवरनं पाण्याचा एक पदर हलत होता, पदर म्हणजे केसाएवढा, नीट बघितलं तरच दिसेल असा, हात लावला तर बोट ओलं. टाकीतलं सील कडक होऊन वाकडं झालं होतं. आणि तेच सील आमच्या दुकानात तिसऱ्या खणात डझनानं पडलेलं. नवं बसवलं त्या दिवशीपासनं मोटर परत एकदाच. म्हणजे दिवसाला ५०० लिटर, महिन्याला १५ हजार, आणि तेवढे महिने मी घरच्यांना नळ बंद करा, नळ बंद करा म्हणून बोलत फिरत होते.

पाणी वाचवायचंच असेल तर विटेऐवजी लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्यानं भरून, झाकण घट्ट लावून, बॉलच्या वाटेत येणार नाही अशी टाकीत उभी करा. मात्र एका फ्लशला भांडं साफ झालं पाहिजे, दोनदा दाबायला लागत असेल तर बाटली काढून टाका, तुमच्या भांड्याला तेवढं पाणी लागतंच. जुन्या टाक्या १० ते १२ लिटर सोडतात. नवीन दोन बटणांच्या टाकीत लहान बटणाला ३ आणि मोठ्याला ६ लिटर असा साधारण हिशोब असतो, पण किती घरांत पाहुण्यांना ते माहीत असतं? दोन्ही बटणं एकदम दाबून मोकळे होतात. भिंतीतली टाकी असेल तर त्यात बाटली, वीट, काही घालायला जाऊ नका, आतले भाग अडकले की फरशी फोडायची वेळ येते.

प्रश्न : तुमच्या सदरात सगळे शॉवर आणि सोलरवाले. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. माझी आजी न्हाणीच्या दगडाखाली घमेलं ठेवून आंघोळीचं पाणी धरायची आणि तेच झाडांना घालायची. आता आम्ही साबण, शांपू वापरतो, ते पाणी लिंबाच्या झाडाला आणि भाजीला घातलं तर चालतं का?
— एक वाचक, जत तालुका

उत्तर : तुमचा टोमणा बरोबर लागलाय, कबूल. गावाकडच्या पाणीयोजनेत जलजीवन मिशननं माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलंय, शहरातल्या योजना १३५ लिटर धरून आखतात, आणि कराडच्या त्या चिरंजीवांना एका आंघोळीला ३०० लागतात. यावर मी आणखी काय बोलू.

आता कामाचं. आंघोळीचं पाणी झाडाला चालतं, पण जातीनं बघून. केळ, अळू, करदळ, नारळ यांना बिनधास्त घाला, म्हणून तर आपल्याकडं मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ असायचीच. लिंबाला घालताना खोडाशी ओतू नका, लांब आळं करून त्यात सोडा. कोथिंबीर, मेथी, मुळा, कांद्याची पात असलं जे कच्चं खातो किंवा जमिनीलगत असतं त्याला नको.

खरी भीती साबणातल्या सोड्याची. तेच पाणी त्याच जागी महिनोन्‌महिने घालत गेलात तर माती घट्ट होते, वर पापुद्रा धरते, पाणी मुरत नाही, सरळ सांगायचं तर जमीन चोपण होते. उसाला पाणी पाजून पाजून नदीकाठची रानं कशी क्षारपड झाली ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, तेच परसात लहान प्रमाणात होतं. म्हणून दोन-तीन आळी करा, पाळीपाळीनं पाणी फिरवा, पावसाळ्यात साबणाचं पाणी पूर्ण बंद ठेवा म्हणजे पावसानं माती धुऊन निघते. धुण्याच्या पावडरचं पहिलं पाणी त्यात अजिबात मिसळू नका, शेवटचं खळबळायचं पाणी चालेल. शिकेकाई-रिठ्यानं डोकं धुतलं असेल त्या दिवशी तर सगळ्यात चांगलं.

आणि एक, हे पाणी साठवून ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला वास मारतो आणि डास होतात. तेलाच्या आंघोळीचा चिकटा अडवायला एका फुटक्या बादलीला खाली भोकं पाडा, तळाला खडी आणि वर वाळू भरा, त्यातनं पाणी जाऊ द्या, वरची वाळू महिन्यातनं एकदा बदला. झाडं नसतील तर शोषखड्डा. घमेल्याचं म्हणाल तर तुमच्या आजीपेक्षा चांगली युक्ती माझ्याकडं तरी नाही, फक्त आता टपऱ्यांवर पसरट प्लास्टिकचे टब मिळतात, त्यात उभं राहून आंघोळ केली की सगळं पाणी तिथंच राहतं आणि उचलायला हलके असतात. टब रिकामा करताना घसरू नका तेवढं.

प्रश्न : बोअरचं पाणी जड आहे. शॉवरची निम्मी भोकं बंद, साबणाला फेस येत नाही, नळ तर सहा महिन्यांत गळायला लागतात. चिकट वाटतं म्हणून आंघोळीला दुप्पट पाणी लागतं.
— एक वाचक, मिरज

उत्तर : जड पाण्यात साबणाचा निम्मा भाग क्षारांशी झटापट करण्यातच जातो, फेस येत नाही आणि त्यातनं जो पांढरा चोथा होतो तोच अंगाला चिकट लागतो, तो जावा म्हणून आपण तांब्यावर तांब्या ओततो. महापालिकेचं पाणी येत असेल तर एक करा, अंग भिजवायला आणि साबणाला बोअरचं, शेवटचे दोन तांबे नदीच्या पाण्याचे. तेवढ्यानं चिकटपणा जातो. साबणाऐवजी बॉडीवॉश, नाहीतर आपलं डाळीचं पीठ, दोन्हीला जड पाण्याचा त्रास कमी.

शॉवर खोलून रात्रभर व्हिनेगरमध्ये नाहीतर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा, सुईनं भोकं मोठी करायला जाऊ नका. नळाच्या तोंडाला जाळी असते ती पण तशीच साफ करायची, पुष्कळ जण ती जाळी चोंदली की काढून फेकूनच देतात, पण ती धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडते म्हणून बसवलेली असते.

नळ गळण्याचं निम्मं कारण क्षार आणि निम्मं कारण आपले हात. गळतोय म्हणून आवळायचा, आवळला की आतला रबरी वायसर चेमटतो, चेमटला की अजून गळतो, मग अजून आवळायचा. घरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला नळ बंद करायला पाठवू नका. वायसर काही रुपयांत मिळतो, वरचा कॉक बंद करून पान्यानं नळ खोला, जुना काढा, नवा घाला, झालं. पाव फेऱ्यात बंद होणारे नळ असतात त्यात सिरॅमिकच्या चकत्या असतात, तिथं वायसर नसतो, पूर्ण काडतूसच बदलावं लागतं, ते दुकानात आणून दाखवा म्हणजे मापाचं मिळेल, नुसत्या फोटोवर देता येत नाही.

थेंबाथेंबानं किती जातं हे खोटं वाटत असेल तर रात्री दहाला गळक्या तोटीखाली तांब्या ठेवा आणि झोपा. सकाळी सहाला तांब्या भरलेला असला तर दिवसाचे तीन तांबे. भरून खाली वाहिला असला तर उद्या रात्री बादली ठेवा. बादलीही भरली तर परवा सकाळी दुकान उघडायच्या आधीच या.

प्रश्न : रागावू नका पण विचारतो. आमचं घर नदीकाठच्या भागात आहे. २०१९ ला पाणी घरात छातीला लागलं होतं, २०२१ ला परत सामान वर न्यायला लागलं. ज्या गावात पाणी जास्त झाल्यामुळं माणसं रडतात त्या गावात बादलीभर पाणी वाचवून काय होणार?
— एक तरुण वाचक, सांगली गावठाण

उत्तर : रागवायचं कशाला, माझ्याही मनात हे येऊन गेलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं तेव्हा आमच्या दुकानातले पाइप गल्लीतनं तरंगत गेले, त्यातले काही शेजाऱ्यांनी आठ दिवसांनी आणून दिले. पण मला त्या दिवसातलं आठवतं ते वेगळंच, चारी बाजूला पाणी आणि नळाला थेंब नाही. ज्या घरात वरच्या मजल्यावर टाकी भरलेली होती तिथं अख्ख्या गल्लीनं तांब्या तांब्या करून दिवस काढले, आणि तेव्हा कमोडला किती ओतायचं, हात किती पाण्यात धुवायचा हे कुणाला शिकवायला लागलं नाही.

दुसरं असं, बादलीभर पाणी नदीत राहतं म्हणून मी सांगतच नाही. आपण जेवढं वापरतो तेवढंच गटारात सोडतो, आणि आपलं गटार कुठं जातं हे सांडपाणी नदीकडं नेणाऱ्या शेरीनाल्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. घरात कमी सोडलं तर तिथं तेवढं कमी जातं.

आणि हिशोबच हवा असेल तर हा घ्या. एप्रिल २०१६ ला मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, आठवत असेल. पहिल्या गाडीला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी, पेपरात मोठमोठे फोटो आणि आपल्या सगळ्यांची कॉलर ताठ. आता आमच्या घरातला तो गळका फ्लश घ्या, दिवसाला ५०० लिटर, वर्षाला होतात १ लाख ८२ हजार. असली तीन घरं धरली की वर्षात ती गाडी भरून वर पाणी उरतं. तुमच्या गल्लीत तीन गळके फ्लश नसतील असं छातीवर हात ठेवून सांगू शकता का? मी तर माझ्या गल्लीचं सांगू शकत नाही.

प्रश्न : आमच्याकडं एक दिवसाआड पाणी येतं. सासूबाई नळ आला की बाथरूममधल्या पिंपातलं आदलं पाणी शिळं झालं म्हणून सगळं ओतून देतात आणि नवं भरतात. काही बोललं तर "आमच्यात असंच करतात" म्हणतात. पिंप २०० लिटरचं आहे. त्यांना कसं सांगू?
— एक सून, तासगाव

उत्तर : वहिनी, हे पत्र मी तीनदा वाचलं, कारण माझी आई पण हेच करायची आणि मी पण लग्नानंतर चार वर्षं केलं. पाणी म्हणजे भाजी नव्हे, झाकलेल्या पिंपात दोन दिवसांत ते शिळं होत नाही, आंघोळीला आणि कपड्याला तर मुळीच नाही. ज्या धरणात ते आधी महिनोन्‌महिने साठून असतं तिथं ते ताजं आणि तुमच्या पिंपात एका रात्रीत शिळं, हे कसं काय?

पण सासूबाईंचं सगळंच चूक असंही म्हणू नका, कारण पिंप आठवड्यातनं एकदा पूर्ण रिकामं करून आतनं घासलंच पाहिजे, डेंगीचा डास असल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासनं डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळं त्यांची पिंप ओतायची सवय मोडू नका, तिला वार लावून द्या. समजा शनिवारी नळ येणार, तर शुक्रवारी दुपारी त्यांनाच विचारा, "आई, उद्या पिंप घासायचंय, तर आज चादरी भिजवू का?" चादरी, पायपुसणी, बाथरूमची फरशी, गाडी, जे काय पाणी खाणारं काम असेल ते त्या दिवशी काढा, संध्याकाळपर्यंत पिंपाचा तळ दिसला पाहिजे. ओतायला पाणीच राहिलं नाही तर वाद कशावरनं घालणार. तळाला तांब्याभर राहिलंच तर ते त्यांच्याच हातानं तुळशीला घालायला द्या, आणि पिंप घासायचा ब्रश मात्र तुम्ही हातात घ्या.